घमेले कुणाच्या डोक्यावर, कल्पना कुणाच्या नावावर?

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या बाहेर चालू असलेल्या एका मोठ्या बांधकामावर आम्ही कामगार नोंदणीची माहिती द्यायला गेलो होतो. चौथ्या मजल्याच्या कॉलमच्या प्लेटा नुकत्याच काढल्या होत्या. नव्या काँक्रीटला किमान सात दिवस ओल धरून ठेवावी लागते, नाहीतर ते आतून कच्चे राहते. म्हणून कॉलमला गोणपाट गुंडाळतात आणि त्यावर पाणी मारत राहतात. हे काम माण तालुक्यातून आलेल्या एका मावशींकडे होते. पश्चिमेच्या बाजूचे गोणपाट दुपारी दोनपर्यंत खडखडीत वाळते, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले. चार मजले चढून पुन्हा पुन्हा पाणी मारण्यापेक्षा त्यांनी एक युक्ती केली. साइटवर पडलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, बुडाला सुईने भोक पाडले, पाणी भरले आणि कॉलमच्या डोक्यावर एकेक बाटली उलटसुलट अंदाज घेत बांधून टाकली. थेंब थेंब पाणी गोणपाटात उतरत राहिले. पाणी कमी लागले, चढउतार वाचला आणि कॉलम रात्रभर ओला राहू लागला.

दीड महिन्याने त्याच कंपनीचा वार्षिक कार्यक्रम एका हॉटेलात झाला. मागे फलक होता ‘इनोव्हेशन हीच आमची संस्कृती’. त्यात एका साइट इंजिनिअरला पाणी वाचवणाऱ्या क्युरिंगच्या कल्पनेबद्दल बक्षीस मिळाले. आम्हाला ते त्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कळले. फोटोत बाटल्या होत्या, कॉलम होता, मावशी नव्हत्या. आम्ही कंपनीच्या माणसाला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “त्या बाई आमच्या कामगार नाहीत, मुकादमाच्या आहेत. आमच्या रोलवर नसलेल्या माणसाला आम्ही बक्षीस कसे देणार?” कागदाच्या हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबरच होते. मावशींना सांगितले तर त्या हसल्या. म्हणाल्या, “म्हंजी माझी बाटली गाजली म्हणायची!”

मावशी हसल्या, पण आम्हाला हसू आले नाही.

बांधकाम कंपन्यांत नवे काही का घडत नाही, यावर अलीकडे बरेच बोलले जाते. बोलणारे व्यवस्थापनाचे लोक असतात. त्यांची उत्तरेही ठरलेली असतात : प्रशिक्षण कमी पडते, तंत्रज्ञान महाग आहे, कामगार अडाणी आहे, तो आज इथे तर उद्या तिथे. या यादीत जात नसते. ‘वर्क कल्चर’ हा शब्द असतो, पण कल्चर म्हणजे शुक्रवारी केक कापणे आणि टी-शर्ट वाटणे. आमचे म्हणणे असे आहे की बांधकामाची साइट ही आजही गावगाड्याच्या नकाशावर उभी असते. ज्याचा हात कामाला लागतो त्याला कामाबद्दल बोलण्याचा अधिकार नसतो आणि ज्याला बोलण्याचा अधिकार असतो त्याचा हात कामाला लागत नाही. या दोघांच्या मधोमध जी भिंत आहे तिच्यातच नावीन्य गाडले जाते.

हे आम्ही नव्याने सांगत नाही. 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जातीचे आर्थिक समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही वर-खाली लावलेली. माणसाची आवड, त्याची कुवत, त्याची बुद्धी यांना तिच्यात जागा नाही. आपण हे वाक्य भाषणात इतक्या वेळा ऐकतो की ते भिंतीवरच्या फोटोसारखे झाले आहे. ते एकदा हातात घेऊन एखाद्या स्लॅबवर जाऊन उभे राहावे. खाली वाळू चाळणाऱ्या कोण, घमेले वाहणाऱ्या कोण, सळई बांधणारे कोण, सेंट्रिंगवाले कुठून आले, गवंडी कोण, सुपरवायझर कोण, इंजिनिअर कोण, आर्किटेक्ट कोण आणि बिल्डर कोण. आडनावे विचारत वर जा. जिना चढताना आडनावे बदलत जातात. (अपवाद असतात. अपवादांविषयी पुढे बोलू, कारण त्यातले काही आपलेच आहेत.)

साताऱ्याच्या मातीत या प्रश्नाचा जुना पुरावा आहे, आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही, बाबासाहेबांच्या घरचा आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतला मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. 1901 चा उन्हाळा. लहान भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूरला उतरल्यावर स्टेशनमास्तरने चांगले कपडे पाहून आधी विचारपूस केली आणि जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर प्रवास झाला. रात्रभर पाण्यावाचून काढली. हे सगळे आपण सांगतो. पण मुले कुठे निघाली होती, हे आपण सांगत नाही. सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते आणि तिथे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. रामजीबाबा त्या कामावर रोखपाल होते.

म्हणजे एका बांधकामाच्या साइटवर एक महार माणूस पैशाचा हिशेब ठेवत होता. पलटणीतले शिक्षण, अक्षर, हिशेब यांच्या जोरावर सरकारी कामाने त्याला त्या खुर्चीवर बसवले. शेकडो मजुरांचा पगार त्याच्या हातून जात होता. आणि त्याच माणसाच्या मुलांना त्या साइटच्या वाटेवर घोटभर पाणी मिळाले नाही. एकाच जिल्ह्याच्या टापूत दोन संस्कृती. एका ठिकाणी माणसाच्या अक्षराला किंमत आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या जन्माला. आज सव्वाशे वर्षांनी आमच्या साइटवर यातली कुठली संस्कृती जिंकली, असा आमचा साधा प्रश्न आहे.

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. एका साइटवर स्टाफला चहा चिनीमातीच्या कपात येतो, लेबरला कागदी पेल्यात. विचारले तर उत्तर येते, स्वच्छता. स्टाफसाठी संडास आहे, लेबरसाठी पत्र्याचा आडोसा, आणि बायांसाठी तोही नाही. बाया मग दिवसभर पाणी कमी पितात. इंजिनिअरचे वय चोवीस आणि गवंड्याचे पंचावन्न असले तरी इंजिनिअर ‘अरे’ म्हणतो आणि गवंडी ‘सायेब’. पत्र्याच्या खोल्यांतही वडारांची रांग वेगळी, आपल्या लोकांची वेगळी, परप्रांतीयांची आणखी वेगळी. हे कुणी लिहून ठेवलेले नाही, पण कुणाला विचारावेही लागत नाही.

आता या वातावरणात एखाद्याला एखादी चूक दिसली तर तो काय करतो? सांगलीतल्या एका इमारतीची गोष्ट सांगतो. न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबमध्ये पाइप टाकण्याचे काम चालले होते. जतकडच्या एका जुन्या गवंड्याने सुपरवायझरला सांगितले, “आधी पाइप टाका, मग वॉटरप्रूफिंग करा. आन् झाल्यावर दोन दिवस पाणी भरून ठिवा, गळतंय का बघा.” सुपरवायझर म्हणाला, “तुला विचारलं का? गप थापी मार.” तारीख गाठायची होती. वॉटरप्रूफिंग आधी झाले, मग त्यालाच भोके पाडून पाइप घुसवले. पहिल्या पावसाळ्यात नव्हे, लोक राहायला आल्याच्या पहिल्या महिन्यात खालच्या छतांना ओल आली. पुण्याहून सल्लागार आला. त्याने फी घेऊन जे लिहून दिले ते गवंड्याने फुकट सांगितले होते. फरशा उखडल्या. कुठलेसे नवे परदेशी रसायन आणून लावले आणि कंपनीच्या जाहिरातीत ‘आधुनिक वॉटरप्रूफिंग तंत्रज्ञान’ आले. गवंड्याच्या मजुरीतून मात्र खराब कामाचे पैसे कापले गेले. पुढच्या साइटवर तो काही बोलला का, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, “आता म्या फकस्त थापी मारतो.”

कंपनीचे नुकसान झाले ते उखडलेल्या फरशांपेक्षा या एका वाक्याने जास्त झाले. ते कुठल्या ताळेबंदात दिसणार नाही.

हे नुसते आमच्या भावनांचे म्हणणे नाही. अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या अभ्यासिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. अपेक्षा अशी होती की ज्या वॉर्डात संघभावना चांगली तिथे चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. मग कळले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या, कारण सांगणाऱ्याला शिक्षेची भीती नव्हती. जिथे भीती तिथे वही कोरी. जपानच्या टोयोटा कारखान्यात तर साध्या कामगाराला दोरी ओढून पूर्ण लाइन थांबवण्याचा अधिकार दिला गेला. दोष पुढे सरकू द्यायचा नाही, मग तो कुणालाही दिसो. आमच्या साइटवर गवंड्याच्या हातात ओळंब्याची दोरी असते. भिंत वाकडी आहे हे ती दोरी सांगते, पण काम थांबवण्याची ताकद त्या दोरीत नाही.

याच साताऱ्यात याच्या उलट उदाहरणही आहे, ते म्हणजे कोयना. कोयनेचे धरण रबल काँक्रीटचे, म्हणजे मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून बांधलेले, एकशे तीन मीटर उंच. 1964 पर्यंत ते पूर्ण झाले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर, असे तोवर मानले जात होते. पाणी अडवायला सुरुवात झाल्यावर हादरे जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेच्या वर माणसे गेली. धरण उभे राहिले, पण वरच्या भागात, जिथे धरणाच्या भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. पुढे त्या भागाला मागून आधार देऊन धरण बळकट केले गेले. आणि महत्त्वाचे म्हणजे ती चूक लपवली गेली नाही. मोजली, छापली, जगभर वाचली गेली. आजही काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम शिकायचा तर कोयना शिकावे लागते. त्याच प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात 13 मार्च 1999 रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाला खालून स्फोटाने भोक पाडून पाणी बोगद्यात घेतले. आशियातले ते पहिले लेक टॅपिंग होते. 2012 साली ते पुन्हा केले.

यातून आम्ही काय घ्यायचे? इंजिनिअरची चूक झाली की ती ज्ञान होते. तिच्यावर परिषद भरते, समिती बसते, पुस्तकात धडा येतो. मजुराच्या बाबतीत मात्र चूक झाली तर तो ‘निष्काळजीपणा’ होतो आणि त्याने दुसऱ्याची चूक दाखवली तर तो ‘आगाऊपणा’ होतो. परांचीवरून कुणी पडले की पंचनाम्यात तोल जाण्याचे कारण लिहिले जाते. फळी का बांधली नव्हती, ती बांधायची असते हे किती जणांना माहीत होते आणि त्यातले कुणी ते बोलले होते का, हे प्रश्न पंचनाम्यात येत नाहीत. ज्या चुकीतून सगळ्यात जास्त शिकता आले असते तीच चूक आपण माणसाबरोबर जाळून टाकतो.

आता एक आर्थिक गोष्ट, कारण नुसत्या मानसिकतेवर बोलून भागत नाही. आपल्या सातारा-सांगलीत बांधकामाचा नफा बांधण्यात फारसा नसतो. तो जमिनीत असतो, परवानगीत असतो, चटईक्षेत्रात असतो. हायवेच्या कडेची जमीन दहा वर्षांत कुठल्या कुठे जाते. मग चांगले, स्वस्त, टिकाऊ कसे बांधावे याचा विचार करायला मालकाला सवड कशाला हवी? दुसरे असे की माणसाचे डोके यंत्रापेक्षा स्वस्त आहे. बाईच्या डोक्यावरून घमेले वर जाते तोवर लिफ्ट कशाला? दुष्काळी तालुक्यांतून, वाड्या-वस्त्यांतून, ज्यांच्याकडे जमीन नाही असे हात सतत येत राहतात. आणि हे हात भूमिहीन का आहेत, याचे उत्तर पुन्हा जातीत आहे. स्वस्त श्रम हा कंपनीचा फायदा वाटतो, पण तोच तिच्या बुद्धीला आलेला गंज आहे. ज्या मालकाला घाम फुकट मिळतो त्याला युक्तीची गरज पडत नाही.

मग यंत्रे येतात ती कधी? कामगार मिळेनासे होतात तेव्हा. अॅल्युमिनिअमचे साचे आले, रेडीमिक्स आले, टॅबलेटवर हजेरी आली. चांगले आहे. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. बाबासाहेब तर यंत्राच्या बाजूचेच होते, माणसाला फुरसत आणि माणूसपण मिळायचे तर यंत्र पाहिजेच असे त्यांचे मत होते. पण टॅबलेटवर हजेरी घेऊनही मुकादम तोच असेल आणि नव्वद दिवसांचा दाखला मागितल्यावर तो तोच नकार देणार असेल, तर बदलली ती फक्त पाटी-पेन्सिल. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा 1996 चा. महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ 2011 चे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कापला जातो तो याच कामगाराच्या नावाने. आणि कामगार नाक्यावर दाखल्यासाठी फिरतोय. दाखला दिला तर हा माणूस आपल्याकडे होता हे सिद्ध होते, म्हणून देत नाहीत. ज्याचे असणेच कबूल नाही त्याची कल्पना कोण कबूल करणार? मावशींची बाटली इथे येऊन थांबते.

इथे काही वाचक म्हणतील, मालक चांगला असला की सगळे नीट होते. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचे उदाहरण आहेच. औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना आणि वसाहत उभी केली, वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक घातला, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले. लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या काळात लोखंडी नांगर खपवून दाखवला. त्या काळाच्या मानाने हे मोठेच होते, आणि कारखान्याची माणुसकी व कारखान्याचे नावीन्य एकाच आवारात वाढले हा योगायोग आम्ही मानत नाही. पण मालकाच्या मनावर उभी असलेली समता मालकाबरोबर जाते. बाबासाहेबांनी आपल्याला दयेवर नाही, हक्कावर उभे राहायला शिकवले आहे. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले तेव्हा सरकारची सार्वजनिक बांधकामेही त्यांच्याच खात्यात होती. त्या ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि कामगार या तिघांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिघे एका टेबलाला. कामाच्या ठिकाणी बोलण्याची जागा ही कायद्याने द्यायची गोष्ट आहे, हा त्यामागचा विचार. पुढे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी मालक-कामगारांची कार्य समिती नेमण्याची तरतूद आली. बांधकामात ती कधी दिसली? शंभर माणसे सहा मुकादमांत वाटली की समिती बसवायला कुणी उरतच नाही.

हक्काची जागा मिळाली तर काय होते, हे पाहायचे असेल तर किर्लोस्करवाडीपासून फार दूर जायला नको. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण आहे. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार, दुष्काळाने रोजगार हमीवर आलेले शेतकरी आणि शेतमजूर यांनी मुक्ती संघर्ष चळवळीत एक अगदी साधा प्रश्न विचारला : आम्ही रोज खडी फोडतोय, पण या खडी फोडण्याने दुष्काळ हटणार आहे का? रोजगार हमीचा पहिला प्रयोग याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, वि. स. पागे यांनी केलेला. त्याच योजनेवर काम करणाऱ्या माणसाने कामाचा हेतू विचारावा, ही मोठी गोष्ट होती. मग अभ्यास सुरू झाला. पाऊस, माती, नदी, पीक. शास्त्रज्ञ आले, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आले, पण वरून सांगायला नव्हे, बरोबर बसायला. नदीतली वाळू कंत्राटदार नेत होते. चळवळीने म्हटले, नदी आमची, वाळूतला थोडा हिस्सा आम्ही विकतो आणि त्या पैशात आमचे धरण आम्ही बांधतो. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बांधले, श्रमदानाने आणि बाहेरून आलेल्या तरुणांच्या मदतीने. आणि पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसाप्रमाणे वाटायचे ठरवले. भूमिहीनालासुद्धा वाटा.

बांधकामाच्या इतिहासात हे नावीन्य आहे की नाही? पैसा उभा करण्याची नवी पद्धत, आराखडा ठरवण्याची नवी पद्धत, वाटपाची नवी पद्धत. कुठल्या बांधकाम कंपनीच्या सादरीकरणात ते येणार नाही, कारण त्यात कंपनीच नव्हती. आम्ही त्याला डोक्यावर घेऊन नाचत नाही. भूमिहीन दलिताला पाण्याचा वाटा मिळाला, पण ते पाणी मुरवायला जमीन कुठून आणायची, हा प्रश्न राहतोच, आणि तो विचारण्याचे काम आपले आहे. पण जिथे काम करणाऱ्याला ‘हे कशासाठी?’ असे विचारता आले तिथेच नवे घडले, एवढे तरी या धरणाने सिद्ध केले.

खरे तर असे काम करायला कायद्याने एक साधन आपल्याला दिलेले आहे, मजूर सहकारी संस्था. सरकारी कामांचा काही हिस्सा या संस्थांसाठी राखीव असतो. मजुरांनी एकत्र यावे, काम स्वतः घ्यावे, नफा स्वतः वाटावा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात काय झाले ते गावोगाव लोकांना माहीत आहे. सभासदांच्या यादीत मजूर, चेअरमनच्या दारात चारचाकी. मजुराला आपण कुठल्या संस्थेचे सभासद आहोत हे ठाऊकही नसते, अंगठा तेवढा असतो. जातीच्या आणि सत्तेच्या जोरावर मजुराची कंपनीच मजुराकडून काढून घेतली गेली आणि आपल्या चळवळीने या प्रश्नावर मोर्चा काढल्याचे आम्हाला आठवत नाही. स्मारकासाठी काढतो. स्मारक हवेच, पण ते बांधायला कोण येणार, कुणाच्या मुकादमाखाली, किती हजेरीवर, हे आपण कधी विचारले आहे का?

आणि आता ते अपवाद. सांगलीच्या, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आपली मुले-मुली स्थापत्य अभियंते होऊन बाहेर पडतात. आईने घमेले वाहून शिकवलेली मुले आहेत त्यांत. त्यांच्याकडून आमची अपेक्षा मोठी आहे, म्हणून रागही मोठा आहे. त्यांपैकी एकाने आमच्यासमोर म्हटले, “लेबर लोकांना डोकं नसतं हो, त्यांना सांगावंच लागतं.” तो वस्तीतला. त्याची आई अजून कामावर जाते. आम्ही काही बोललो नाही, फक्त विचारले की तुमच्या आईला कुणी काय सांगितले म्हणून त्यांनी तुम्हाला शिकवले? तो गप्प बसला. त्याला दोष देऊन काय होणार? साइटवर ‘साहेब’ म्हणून टिकायचे तर साहेबासारखे बोलावे लागते, नाहीतर आडनाव विचारले जाते. गावगाड्याची हीच तर करामत आहे : वरच्या पायरीवर घ्यायचे, पण खालच्या पायरीला लाथ मारण्याच्या अटीवर.

काहीजण असेही म्हणतात की बांधकाम धोक्याचे काम आहे, तिथे लोकशाही चालत नाही, हुकूम लागतो. स्लॅब चालू असताना चर्चा नको, हे आम्हालाही कळते. क्रेन हलत असताना एकाचाच इशारा चालावा. पण स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे सगळ्यांना बसवून ‘उद्या काय चुकू शकते?’ असे विचारायला कुठला धोका आहे? त्या दहा मिनिटांत बिगारी बाईने बोलावे आणि इंजिनिअरने वहीत लिहावे. लिहिताना नाव लिहावे. एवढेच आम्ही मागतो आहोत. सरकारी कामाच्या निविदेत ही बैठक आणि ही वही अट म्हणून यावी, यासाठी आम्ही अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही.

तोवर आम्ही आमची वही सुरू केली आहे. साताऱ्याच्या एका मजूर नाक्यावर रविवारी सकाळी दोन तास बसतो. कामगार कामातल्या युक्त्या आणि धोके सांगतात, आम्ही लिहून घेतो. पहिले तीन रविवार कुणी बोलले नाही, “आमचं काय ल्ह्याचं?” म्हणून लोक पुढे गेले. चौथ्या रविवारी बाटलीवाल्या मावशी आल्या. त्यांनी जे सांगितले ते असे : परांचीवरच्या फळ्या खालून बघताना सारख्याच दिसतात. कुठली बांधलेली आणि कुठली नुसती ठेवलेली, हे चढल्याशिवाय कळत नाही, आणि चढल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून बांधलेल्या फळीच्या बुडाला पिवळा पट्टा मारावा. पट्टा नसलेल्या फळीवर पाय ठेवायचा नाही. मावशींनी आपले नाव पूर्ण लिहायला लावले, आडनावासकट, आणि लिहिलेले दोनदा वाचून घेतले.

ती नोंद आम्ही त्याच, आईच्या प्रश्नावर गप्प बसलेल्या, इंजिनिअरला पाठवली. आठवड्याने तो स्वतःच्या पैशाने पिवळ्या रंगाचा डबा घेऊन साइटवर गेला. मुकादमाने विचारले, हे कुणी काढले नवीन? त्याने मावशींचे नाव सांगितले.